सहावी ते आठवीचे सामान्य विज्ञान : काय शिकायचे, गुण कसे मिळतात आणि वर्षभर तयारी कशी करायची

गिरणाकाठच्या एका शाळेत मी सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा होते तेव्हा बहुतेक पालक उत्तरपत्रिका हातात घेतात, लेखी परीक्षेचे गुण पाहतात आणि ‘सर, ५० पैकी २७ च कसे?’ असे विचारतात. त्या सत्रात त्याच विषयाचे आणखी ५० गुण वर्गात, प्रयोगाच्या टेबलावर आणि वहीच्या पानांवर ठरून गेलेले असतात, याची कल्पना त्यांच्यापैकी फार थोड्यांना असते. हा लेख अशा पालकांसाठी आणि पहिल्यांदाच विज्ञान शिकवायला घेतलेल्या शिक्षकांसाठी आहे. लेखातील प्रकरणांचे उल्लेख बालभारतीच्या सहावी (२०१६), सातवी (२०१७) आणि आठवीच्या (२०१८) सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांवरून केले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिलीपासून पुस्तके बदलू लागली असल्याने, आपल्या मुलाच्या हातात कोणते पुस्तक आहे ते जूनमध्येच पाहून घ्यावे.

पहिली पायरी : जूनमध्ये अनुक्रमणिका वाचणे

पाचवीपर्यंत विज्ञान हा स्वतंत्र विषय नसतो. तो ‘परिसर अभ्यास’ या पुस्तकात भूगोल आणि नागरिकशास्त्राच्या सोबतीने येतो. सहावीत ‘सामान्य विज्ञान’ हे वेगळे पुस्तक मिळते. सहावीची १६, सातवीची २० आणि आठवीची १९ प्रकरणे एकदम पाहिली तर मूल दबून जाते. म्हणून तिन्ही इयत्तांच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवून एकच धागा वर्षागणिक कसा पुढे जातो, ते त्याला दाखवावे. चुंबकाचे उदाहरण घेऊ. सहावीत ‘चुंबकाची गंमत’ या पाठात चुंबक कशाला चिकटतो, त्याचे ध्रुव कोणते, टांगलेला चुंबक कोणत्या दिशेत स्थिरावतो एवढेच असते. सातवीत चुंबकीय क्षेत्र येते आणि कागदावर पसरलेल्या लोहकिसाच्या रेषा काढाव्या लागतात. आठवीत विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तारेभोवतीही चुंबकत्व असते असे कळते आणि विजेची घंटा कशी वाजते हे सांगावे लागते. ज्याचा सहावीचा पाठ कच्चा राहिला, तो आठवीत घंटेची आकृती पाठ करतो. ती वाजते कशी, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

असेच धागे प्रकाशाचे, ध्वनीचे, बलाचे आणि सजीवांच्या वर्गीकरणाचे आहेत. सहावीत सावली कशी पडते हे शिकलेले मूल आठवीत परावर्तनाचे नियम शिकते. सहावीत पदार्थाच्या अवस्था पाहिलेले मूल सातवीत मूलद्रव्ये, संयुगे आणि मिश्रणे ओळखते, तर आठवीत अणूच्या आत डोकावते. आपत्ती व्यवस्थापन तिन्ही वर्षे आहे. त्याला फार वेळ लागत नाही, पण तापीकाठच्या गावांतील मुलांना पुराचा भाग समजावून सांगावा लागत नाही, तेच आपल्याला सांगतात.

अनुक्रमणिकेत प्रत्येक पाठासमोर पेन्सिलीने एक खूण करावी : हा पाठ घरात दिसतो, शेतात दिसतो, की फक्त शाळेतील साहित्यावरच कळतो? खानदेशातील मुलासाठी शेताची खूण बऱ्याच पाठांवर पडेल. सातवीतील ‘वनस्पती : रचना व कार्ये’ हा पाठ मी केळी आणि कपाशी या दोनच पिकांवर शिकवतो. कपाशीचे रोप उपटले की मधोमध जाड सोटमूळ दिसते, पानात शिरांचे जाळे दिसते आणि बी दुभंगले की दोन दले दिसतात. केळीला तंतुमुळे असतात आणि तिच्या पानातल्या शिरा मधल्या जाड शिरेपासून कडेपर्यंत एकमेकींना समांतर धावतात. केळीचे जे ‘खोड’ म्हणून आपण दाखवतो ते मुळात खोड नसतेच. पानांचे देठ एकावर एक घट्ट गुंडाळून तो सोट तयार झालेला असतो आणि खरे खोड जमिनीखालच्या कंदात असते. घड कापल्यावर शेतकरी ही झाडे तोडून बांधावर टाकतात. त्यातला वीतभर तुकडा आणून मुलांना एकेक थर सोलायला द्यावा. आतापर्यंत एकाही वर्गात हा तास वाया गेलेला नाही.

दुसरी पायरी : गुणांची विभागणी समजून घेणे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्यानंतर २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तिचे दोन भाग आहेत. मूल शिकत असतानाच, रोजच्या कामातून जे पाहिले जाते ते आकारिक मूल्यमापन, आणि सत्राच्या शेवटी एकत्रित जे पाहिले जाते ते संकलित मूल्यमापन. वर्षात दोन सत्रे असतात आणि प्रत्येक सत्रात विषयाला १०० गुण असतात.

सहावीत आकारिक ५० आणि संकलित ५० अशी वाटणी आहे. संकलितच्या ५० पैकी १० तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आणि ४० लेखीचे असतात. सातवी आणि आठवीत आकारिक ४० व संकलित ६० असून, त्या ६० मध्ये १० तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आणि ५० लेखीचे असतात.

आकारिक गुणांसाठी आठ साधने ठरवून दिलेली आहेत : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि इतर, ज्यात गटकार्य, स्वयंमूल्यमापन वगैरे येते. शिक्षक त्यांतली विषयाला साजेशी पाच-सहा साधने निवडतात आणि गुण वाटतात. सातवीला मी प्रयोगाला १०, छोट्या चाचणीला १० आणि तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प व स्वाध्याय यांना प्रत्येकी ५ अशी वाटणी करतो. प्रत्येक शिक्षकाची वाटणी वेगळी असू शकते, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच ती विचारून घ्यावी. विचारल्याने कोणी रागावत नाही.

एकूण गुणांवरून श्रेणी लागते. ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२, ३३ ते ४० ला ड, २१ ते ३२ ला ई-१ आणि २० किंवा त्याहून कमी गुणांना ई-२. ई श्रेणीतील मुलाला जादा मार्गदर्शन करून निदान ड श्रेणीपर्यंत आणणे ही शाळेची जबाबदारी असते.

आता पालकसभेतील त्या २७ गुणांकडे वळू. समजा, सातवीतील मुलीला लेखीत ५० पैकी २७, प्रात्यक्षिकात १० पैकी ८ आणि आकारिकमध्ये ४० पैकी ३४ गुण मिळाले. बेरीज ६९ होते आणि तिला ब-२ श्रेणी मिळते. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला लेखीत तेवढेच २७ आणि प्रात्यक्षिकात तेवढेच ८ मिळाले, पण त्याची प्रयोगवही अर्धवट राहिली आणि प्रकल्प आलाच नाही, म्हणून आकारिकचे २५ गुण झाले. त्याची बेरीज ६० आणि श्रेणी क-१. दोघांची उत्तरपत्रिका सारखीच आहे. फरक पडला तो जुलै ते सप्टेंबर या काळात.

तिसरी पायरी : प्रयोगवही

माझ्या मते या तीन वर्षांत सर्वांत जास्त लक्ष द्यावे अशी हीच गोष्ट आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. प्रयोग लिहिताना उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान हे पाच भाग असतात. पहिले तीन भाग मुले नीट लिहितात. घोळ होतो तो निरीक्षण आणि अनुमान यांच्यात.

आठवीतील ‘आम्ल, आम्लारी ओळख’ या पाठासाठी प्रयोगशाळेतील लिटमस (आम्ल की आम्लारी हे रंग बदलून दाखवणारा दर्शक) संपला असेल तरी काही अडत नाही. उन्हाळ्यात उडदाच्या पापडासाठी आणलेला पापडखार बहुतेक घरांत डब्याच्या तळाशी उरलेला असतो. हळद पाण्यात कालवून ती पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांना लावावी आणि पट्ट्या सावलीत वाळवाव्यात. एका वाटीत पाण्यात विरघळलेला पापडखार, दुसऱ्या वाटीत लिंबाचा रस आणि तिसऱ्या वाटीत साधे पाणी घ्यावे. पट्टी पापडखाराच्या पाण्यात बुडवताच तिचा पिवळा रंग जाऊन ती तांबूस तपकिरी होते. लिंबाच्या रसात आणि साध्या पाण्यात ती पिवळीच राहते. त्या तांबूस पट्टीवर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी पडते. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की तो लाल होतो, हे घरातल्या आयाबायांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याचे कारण हेच.

वहीत मुले ‘निरीक्षण : पापडखार आम्लारिधर्मी आहे’ असे लिहितात. ते निरीक्षण नव्हे. डोळ्यांना दिसला तो रंग. आम्लारी डोळ्यांना दिसत नाही. ‘पिवळी पट्टी पापडखाराच्या पाण्यात तांबूस झाली, लिंबाच्या रसात पिवळीच राहिली, लिंबू पिळल्यावर तांबूस पट्टी पुन्हा पिवळी झाली’ हे निरीक्षण. आणि ‘हळद हा दर्शक असून पापडखार आम्लारिधर्मी आहे’ हे त्यावरून काढलेले अनुमान. हा फरक सहावीत पक्का झाला की पुढे दहावीपर्यंत त्याचे गुण जात नाहीत. घरी तपासताना पालकांनी एकच प्रश्न विचारावा : ‘हे तुला दिसलं, की तू ठरवलंस?’

दुसरी चूक जास्त गंभीर आहे आणि तिच्यात शिक्षकांचाही वाटा असतो. प्रयोग फसला तरी मुले वहीत मार्गदर्शकात छापलेलेच निरीक्षण उतरवतात, कारण खरे लिहिले तर गुण जातील अशी भीती असते. ती भीती माझ्याच एका चुकीमुळे मला कळली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी पाण्यात उभ्या केलेल्या मेणबत्तीवर पेला पालथा घालण्याचा प्रयोग करून दाखवत असे आणि ‘ऑक्सिजन जळून गेला, म्हणून त्याची जागा घ्यायला पाणी पेल्याच्या एक पंचमांश चढले’ असे सांगत असे. एका मुलीने वहीत लिहिले की पेला ठेवताना त्याच्या कडेखालून बुडबुडे बाहेर आले आणि मेणबत्ती जळत असताना पाणी फारसे चढले नाही, ती विझल्यानंतर ते भरभर चढले. मी तिचे निरीक्षण खोडले आणि एक गुण कापला. काही वर्षांनी हाच प्रयोग लक्ष देऊन पाहिल्यावर ध्यानात आले की तिचेच बरोबर होते : ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावून बाहेर पडते आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, म्हणून पाणी चढते. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो हे खरे, पण तो या प्रयोगाने मोजला जात नाही. ती मुलगी तोपर्यंत बारावी होऊन गेली होती. आता प्रयोग अपेक्षेपेक्षा वेगळा झाला आणि मुलाने तसे प्रामाणिकपणे लिहून सोबत ‘असे का झाले असावे’ याची एक ओळ जोडली, तर मी पूर्ण गुण देतो.

चौथी पायरी : तोंडी काम आणि भाषा

विज्ञानाच्या पुस्तकातील मराठी आपल्याकडच्या बऱ्याच मुलांची घरची भाषा नाही. धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात घरी अहिराणी बोलतात, रावेर-यावलकडे लेवा बोली, आणि नंदुरबार जिल्ह्यात भिली, पावरी, मावची. ‘बाष्पीभवन’, ‘अनुकूलन’, ‘प्रारण’ हे शब्द अशा मुलाला दुसरी भाषा शिकल्यासारखेच शिकावे लागतात. ‘पानी तपनं म्हणजे त्यानी वाफ व्हस’ असे मूल बोलले तर त्याला बाष्पीभवन कळलेले आहे, फक्त शब्द आलेला नाही. अशा उत्तराला तोंडी कामात गुण द्यावेत आणि लगेच त्याच वाक्यात पुस्तकातील शब्द घालून ते त्याच्याकडून म्हणवून घ्यावे, असे शिक्षकांना माझे सांगणे आहे. पालकांनी वहीच्या शेवटच्या चार पानांवर दोन रकाने आखून द्यावेत : डावीकडे पुस्तकातील शब्द, उजवीकडे घरचा शब्द किंवा घरचे उदाहरण. आठवड्याला पाच-सहा शब्द पुरेत.

पाचवी पायरी : प्रकल्प

थर्मोकोलचा ज्वालामुखी आणि दुकानातून आणलेला तयार तक्ता यांना मी पाचपैकी दोन गुण देतो आणि तेही नाइलाजाने. प्रकल्पात मोजमाप असावे आणि ते मुलानेच केलेले असावे. पिकलेले केळे आणि कच्ची केळी एका बंद पिशवीत, तर तितकीच कच्ची केळी उघड्यावर ठेवून दोन्हींची रोज नोंद घ्यावी. पिशवीतली आधी पिकतात, कारण पिकणाऱ्या फळातून इथिलीन हा वायू बाहेर पडतो. केळी पिकवण्याच्या खोल्यांतही याच वायूचा उपयोग करतात. गावातील दोन विहिरी आणि नळ यांचे पाणी समान मापाने बाटल्यांत घेऊन, त्यांत साबणाच्या पाण्याचे थेंब मोजून टाकावेत आणि किती थेंबांनंतर फेस टिकतो ते पाहावे. कोठले पाणी अधिक कठीण, म्हणजे साबणाचा फेस उशिरा येणारे, आहे ते समजते. तारखा, आकडे आणि एक साधा तक्ता एवढे असले की प्रकल्प झाला.

सहावी पायरी : लेखी परीक्षा

रिकाम्या जागा, जोड्या लावा आणि योग्य पर्याय हे पाठ वाचला की जमतात. त्यावर वेळ घालवू नये. गुण जातात ते ‘शास्त्रीय कारणे लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’, आकृत्या आणि उदाहरणे यांत.

‘माठातील पाणी थंड राहते’ याचे कारण म्हणून ‘कारण बाष्पीभवन होते’ एवढेच लिहिणाऱ्याला मी दोनपैकी एकच गुण देतो. उत्तरात साखळी पूर्ण हवी : माठाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून पाणी पाझरून बाहेरच्या पृष्ठभागावर येते, तेथे त्याचे बाष्पीभवन होते, बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता माठातून आणि आतील पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी थंड होते. साखळी कळली आहे की पाठ केली आहे, हे पाहण्यासाठी मी पुढचा प्रश्न विचारतो : वैशाखात एवढे गार होणारे पाणी श्रावणात तितके का होत नाही? हवेत आधीच बाष्प जास्त असते, म्हणून बाष्पीभवन मंदावते, हे ज्याला सांगता आले त्याला पाठ समजला.

फरकाच्या प्रश्नात दोन्ही बाजूंचे मुद्दे समोरासमोर आणि एकाच गुणधर्माबद्दल असावेत. डावीकडे रंग आणि उजवीकडे वजन लिहून फरक होत नाही. आकृती पेन्सिलीने काढावी आणि नावे एकाच बाजूला, पट्टीने ओढलेल्या रेषांच्या टोकाला लिहावीत.

उदाहरणांसाठी आठवीतील उष्णतेच्या पाठातील एक नमुना देतो. हिवाळ्याच्या पहाटे १० अंश सेल्सिअस असलेला १३ मीटर लांबीचा पोलादी रूळ मे महिन्याच्या दुपारी ६० अंशांपर्यंत तापला, तर त्याची लांबी किती वाढेल? पोलादाचा एकरेषीय प्रसरणांक दर अंशाला ०.००००१२ आहे. आधी दिलेली माहिती लिहावी : लांबी १३ मीटर म्हणजे १३,००० मिलिमीटर, तापमानातील फरक ५० अंश. मग सूत्र : लांबीतील वाढ = मूळ लांबी × प्रसरणांक × तापमानातील फरक. मग किमती घालाव्यात : १३,००० × ०.००००१२ × ५०. उत्तर ७.८ मिलिमीटर. तीन गुणांच्या या उदाहरणात माहितीला अर्धा, सूत्राला एक, किमती घालण्याला एक आणि एककासह उत्तराला अर्धा गुण असे मी तपासतो. याचा अर्थ गुणाकारात चुकलेल्या मुलालाही अडीच गुण मिळू शकतात आणि नुसतेच ७.८ लिहिणाऱ्याला अर्धाही मिळणे कठीण. भुसावळकडच्या मुलांना रुळांच्या सांध्यांतील फटी माहीत असतात; हल्ली मुख्य मार्गांवर रूळ जोडून लांबच लांब केलेले असल्याने त्या जुन्या बाजूच्या मार्गांवरच दाखवाव्या लागतात.

आठवीच्या वर्षी दोन जादा गोष्टी

पूर्वी आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवता येत नसे. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्याने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा सुरू केली. आठवीत प्रत्येक विषयाची ही परीक्षा ६० गुणांची असते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के, म्हणजे २१ गुण लागतात. येथे आकारिकचे गुण मदतीला येत नाहीत, हे लक्षात ठेवावे. कमी पडलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन पुनर्परीक्षेची संधी मिळते; तीतही तो अनुत्तीर्ण झाला तर त्याच वर्गात ठेवला जातो, पण शाळेतून काढता येत नाही.

दुसरी गोष्ट फायद्याची आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा आठवीतच देता येते आणि तिचा अर्ज शाळेमार्फत भरला जातो. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी ती आहे. निवड झालेल्यांना नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. या परीक्षेतील शालेय क्षमता चाचणी या पेपरच्या ९० प्रश्नांपैकी ३५ सामान्य विज्ञानाचे असतात, गणिताचे २० च. सातवीचे पुस्तक रद्दीत देऊ नये ते याचसाठी. बरेच प्रश्न त्यातून येतात.

एप्रिलमध्ये प्रगतिपुस्तक हाती आल्यावर श्रेणीच्या शेजारची वर्णनात्मक नोंद वाचावी. ‘प्रयोग काळजीपूर्वक करते, कारणे तोंडी सांगते, लेखनात मदत हवी’ अशी नोंद असेल तर सुट्टीत काय करायचे ते त्यातच आले. ‘प्रगती समाधानकारक’ एवढेच लिहिले असेल तर शिक्षकांना भेटून साधनवार गुण दाखवायला सांगावे. त्या नोंदी शाळेत ठेवलेल्या असतात. आणि तिन्ही वर्षांच्या प्रयोगवह्या जपून ठेवाव्यात, कारण नववीत विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाच्या १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि तेथे निरीक्षण व अनुमान कसे लिहायचे हे पुन्हा पहिल्यापासून शिकवायला कोणाला वेळ नसतो.